शालेय स्पर्धा आणि ट्रान्सजेंडर खेळाडू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं क्रीडाशिक्षक, मुख्याध्यापक, स्पर्धा भरवणारे आणि पालक यांच्यासाठी आहेत. ऑलिंपिकवरचे वाद जसेच्या तसे शाळेच्या मैदानावर आणले की मुलंच भरडली जातात. म्हणून मोठ्यांचे आकडे जिथे शाळेला लागू होत नाहीत, तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

ट्रान्स मुलगी आणि ट्रान्स मुलगा म्हणजे नेमकं कोण?

जन्माच्या वेळी मुलगा अशी नोंद झाली, पण जी स्वतःला मुलगी मानते आणि मुलगी म्हणून जगते, ती ट्रान्स मुलगी. याच्या उलट तो ट्रान्स मुलगा. या शब्दांत औषधोपचार गृहीत धरलेला नाही. एखादी ट्रान्स मुलगी कसलंच औषध घेत नसेल, दुसरी वयात येण्याच्या सुरुवातीपासून उपचार घेत असेल. खेळाच्या दृष्टीने या दोघींमध्ये फार मोठं अंतर आहे आणि नियम लिहिताना हेच सर्वात आधी विसरलं जातं.

भारताची धावपटू द्युती चंद आणि दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या या ट्रान्सजेंडर आहेत का?

नाही. दोघींची नोंद जन्मापासून मुलगी अशीच आहे आणि त्या मुली म्हणूनच वाढल्या. त्यांच्याबाबतचा वाद शरीरात नैसर्गिकरीत्या जास्त असलेल्या टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषांमध्ये जास्त प्रमाणात असणाऱ्या संप्रेरकाचा होता. २०१४ मध्ये द्युती चंदला स्पर्धेतून वगळलं गेलं. तिने आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि २०१५ मध्ये लवादाने टेस्टोस्टेरॉनची मर्यादा घालणारा तो नियमच स्थगित केला. लिंगविकासातले असे नैसर्गिक फरक आणि ट्रान्सजेंडर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेचा नियम दोन्हींना एकाच वाक्यात गुंडाळत असेल, तर तो नियम पुन्हा लिहायला घ्या.

मुलामुलींचे गट मुळात वेगळे का असतात?

वयात आल्यावर मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढतं. प्रौढ पुरुषांच्या रक्तात ते साधारण ७.७ ते २९.४ नॅनोमोल प्रति लिटर असतं. स्त्रियांमध्ये ते बहुतेक वेळा १.७ च्या आत असतं. या दोन पट्ट्या एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. त्यातून उंची, हातापायांच्या हाडांची लांबी, स्नायूंचं वजन, हृदय-फुप्फुसांचा आकार आणि हिमोग्लोबिन हे सगळं वाढतं. एकच खुला गट ठेवला, तर बहुतेक खेळांच्या अंतिम फेरीत मुली दिसणारच नाहीत. त्या मागे पडतात म्हणून त्यांना संरक्षण द्यायचं, असा काही मुलींच्या गटाचा अर्थ नाही. त्यांनाही जिंकण्याची जागा असावी म्हणून तो गट आहे. ट्रान्स मुलींच्या समावेशाचा वाद अवघड आहे तो याच कारणाने. ज्या गटात प्रवेश मागितला जातो, त्याच्या असण्याचं कारणच शरीरातला फरक आहे.

हा फरक कोणत्या वयापासून दिसतो?

धावणं, पोहणं आणि उड्या यांत साधारण १२-१३ व्या वर्षापासून रेषा फाकू लागतात आणि सतरा-अठराव्या वर्षापर्यंत अंतर प्रौढांइतकं होतं. त्याआधीही मुलगे सरासरीने थोडे पुढे असतात, पण धावण्यात ते अंतर काही टक्क्यांचंच असतं. अपवाद फेकण्याचा. चेंडू लांब फेकण्यात अगदी लहान वयापासून मोठा फरक दिसतो आणि त्यात सरावाचा वाटाही बराच असतो, कारण मुलग्यांच्या हातात चेंडू लवकर पडतो.

मात्र वय हे ढोबळ माप आहे. मुली साधारण ८ ते १३ आणि मुलगे ९ ते १४ या वयात कधीही वयात येऊ शकतात. सातवीच्या एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि शेजारच्या बाकावरचा अजून पाचवीतला वाटतो. म्हणून डॉक्टर वयापेक्षा टॅनर टप्पे पाहतात. टप्पा १ म्हणजे अजून सुरुवात नाही, टप्पा २ म्हणजे पहिली चिन्हं, टप्पा ५ म्हणजे प्रौढ शरीर.

मग प्राथमिक शाळेत काही नियम लागतो का?

नाही. दहा वर्षांखालच्या शर्यतीत कोण कोणत्या रांगेत उभं आहे यावर वाद घालण्याइतका शारीरिक आधारच नाही. या वयात मुलामुलींना एकत्र खेळवायलाही हरकत नसते.

वयात आल्यावर फरक किती मोठा होतो?

जागतिक विक्रम पाहा. १०० मीटरमध्ये उसेन बोल्टचे ९.५८ सेकंद (२००९) आणि फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचे १०.४९ (१९८८): फरक साडेनऊ टक्के. लांब उडीत माइक पॉवेल ८.९५ मीटर (१९९१), गालिना चिस्त्याकोवा ७.५२ (१९८८): पुरुषांची उडी १९ टक्के लांब. वेटलिफ्टिंगमध्ये वजनगट सारखा असला तरी पुरुष साधारण ३० टक्के जास्त वजन उचलतात. ‘वजनगट आहेत ना, मग काय अडचण?’ या युक्तिवादाला उत्तर इथेच मिळतं.

शाळेच्या मैदानावर याचा अर्थ काय, तेही मोजून पाहू. १३ सेकंदांत १०० मीटर धावणाऱ्या मुलीसाठी एक टक्का म्हणजे ०.१३ सेकंद, जमिनीवर जवळपास एक मीटर. अंतिम फेरीत पहिली आणि चौथी यांच्यातही कधीकधी एवढंच अंतर असतं. त्यामुळे ‘फायदा असला तरी दोन-तीन टक्केच’ हे वाक्य ऐकायला किरकोळ वाटतं, निकालपत्रकात ते किरकोळ राहत नाही. पण हेही लक्षात ठेवा की हे सगळे आकडे अगदी टोकाच्या खेळाडूंचे आहेत. सामान्य शाळेतल्या मुलामुलींच्या वेळा एकमेकींत भरपूर मिसळलेल्या असतात. कोणतीही एक ट्रान्स मुलगी संघातल्या बाकी मुलींपेक्षा वेगवान असेलच असं नाही, बरेचदा ती नसतेच.

टेस्टोस्टेरॉन कमी करणारे उपचार घेतले की फायदा जातो का?

काही बाबतींत लवकर जातो, काहींत हळूहळू आणि काहींत जातच नाही. या तिन्ही गोष्टी एका आकड्यात बसवायचा प्रयत्न झाला की गोंधळ होतो.

हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येतं. त्यामुळे लांब पल्ल्याच्या खेळांतला काही फायदा लवकर ओसरतो. स्नायूंचं वजन मात्र वर्षभरात साधारण पाच टक्केच घटतं. २०२१ मधल्या एका आढाव्यानुसार तीन वर्षांनंतरही ट्रान्स स्त्रियांची ताकद इतर स्त्रियांपेक्षा जास्त दिसली. उंची, हातांची लांबी, खांद्यांची रुंदी तर बदलतच नाही.

अमेरिकी हवाई दलातल्या तंदुरुस्ती चाचण्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्याचे निष्कर्ष २०२० च्या अखेरीस आले. उपचारांआधी ट्रान्स स्त्रिया एका मिनिटात इतर स्त्रियांपेक्षा ३१ टक्के जास्त पुश-अप काढत होत्या. दोन वर्षांनी तो फरक उरला नाही. दीड मैल धावण्यात मात्र दोन वर्षांनंतरही त्या १२ टक्के वेगवान होत्या. उलट २०२४ मध्ये आलेल्या, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या निधीतून झालेल्या अभ्यासात २३ ट्रान्स स्त्री खेळाडूंच्या पकडीची ताकद जास्त निघाली, पण शरीराच्या वजनाच्या प्रमाणात उडी आणि प्राणवायू वापरण्याची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा कमी भरली. मोठं शरीर कमी इंधनावर हलवावं लागतं, म्हणून असं होत असावं.

दोन्ही बाजूंचे लोक यातला आपल्या सोयीचा अभ्यास तेवढा उचलतात. खरी अडचण वेगळीच आहे. हे सगळे अभ्यास प्रौढांचे आहेत. त्यातले बरेचसे खेळाडूंवर झालेलेच नाहीत आणि सहभागी माणसं मोजकी आहेत. पंधरा वर्षांच्या, अजून वाढणाऱ्या खेळाडूला ते थेट लावता येत नाहीत.

वयात येणंच औषधाने थांबवलं असेल तर?

टॅनर टप्पा २ च्या आसपास दिली जाणारी जीएनआरएच गटातली औषधं (वयात येण्याचा शरीराचा संकेत अडवणारी) पुढची वाढ रोखतात. पुरुषी वाढ झालीच नाही, तर वर सांगितलेल्या फायद्याचा मोठा भागही तयार होत नाही. याच तर्काने जागतिक जलतरण संघटनेने जून २०२२ मध्ये नियम केला: पुरुषी वाढ टॅनर टप्पा २ च्या पुढे किंवा वयाच्या १२ वर्षांनंतर (यातलं जे उशिराचं असेल ते) झालेली नसेल आणि टेस्टोस्टेरॉन २.५ नॅनोमोलच्या खाली राहत असेल, तरच स्त्री गटात प्रवेश.

कागदावर नियम तर्कशुद्ध आहे. व्यवहारात मात्र ही औषधं मिळतात का, यावर सगळं ठरतं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने मार्च २०२४ पासून ती नेहमीचा उपचार म्हणून देणं थांबवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने बंदी बेमुदत केली. अशा ठिकाणी ‘टप्पा २ च्या आधी’ या अटीचा अर्थ जवळजवळ संपूर्ण बंदी असाच होतो. शाळेने हा नियम उतरवून घेताना हे माहीत असलेलं बरं. दुसरी गोष्ट प्रशिक्षकांसाठी: या औषधांच्या काळात हाडांची घनता वाढण्याचा वेग मंदावतो. अशा विद्यार्थ्याचं धावण्याचं अंतर एकदम वाढवू नका आणि नडगी किंवा पाऊल सतत दुखत असेल तर डॉक्टरांकडे पाठवा.

आणि खेळता यावं म्हणून मुलाने औषध घ्यावं, असा सल्ला कोणत्याही प्रशिक्षकाने चुकूनही देऊ नये.

काही मुली जन्मतःच उंच, ताकदवान असतात. तो फायदा चालतो, मग हा का नाही?

या वादातला सर्वात चांगला प्रश्न हाच आहे आणि विज्ञान त्याचं अर्धंच उत्तर देऊ शकतं.

एक बाजू म्हणते, खेळ म्हणजे असमान शरीरांची तुलनाच. सहा फुटी मुलीला बास्केटबॉलमधून कोणी काढत नाही. पैसा, आहार, खासगी प्रशिक्षण यांचे फायदेही आपण निमूट चालवून घेतो. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं त्याच वयोगटात शेवटी जन्मलेल्यांपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असतात, तेही आपण सोडून देतो. दुसरी बाजू म्हणते, गट पाडताना आपण सगळे फायदे पुसायला निघालेलो नसतो, एकच फायदा बाहेर ठेवतो. १४ वर्षांखालच्या गटात १६ वर्षांचा मुलगा खेळू शकत नाही, मग तो कितीही बारका असो. मुलींच्या गटाने बाहेर ठेवलेला फायदा पुरुषी वाढीचा आहे, उंचीचा नाही.

आमच्या मते दुसरा युक्तिवाद पदकाच्या स्पर्धेत जास्त टिकतो आणि पहिला शाळेच्या रोजच्या खेळात. निवड, पदक, शिष्यवृत्ती पणाला असताना गटाची व्याख्या सैल ठेवता येत नाही. संध्याकाळच्या सरावात, वर्गावर्गांच्या सामन्यात किंवा हौशी संघात तीच व्याख्या काटेकोर लावून कोणाचं काय भलं होतं, ते सांगणं कठीण आहे.

पदकासाठी एखादा मुलगा मुलगी असल्याचं सोंग घेईल का?

एका शर्यतीसाठी घर, वर्ग, नातेवाईक अशा सगळ्यांसमोर रोज मुलगी म्हणून जगायला कोणी तयार होत नाही. नियमात ‘शाळेच्या नोंदीत आणि रोजच्या वावरात सातत्य’ एवढी अट पुरते.

अशी मुलं असतात तरी किती?

फारच कमी. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या गव्हर्नरनी मार्च २०२२ मध्ये बंदीचं विधेयक परत पाठवताना आकडे दिले होते: ७५ हजार शालेय खेळाडूंत चार ट्रान्सजेंडर आणि त्यांतली मुलींच्या संघात खेळणारी एक. विधिमंडळाने तरीही तो कायदा केला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांनी सिनेटसमोर सांगितलं की ५ लाख १० हजार खेळाडूंत आपल्या माहितीत दहाहूनही कमी ट्रान्सजेंडर आहेत.

आकडा लहान म्हणून प्रश्नच नाही, असं मात्र नव्हे. नववी आल्याने अंतिम फेरी हुकलेल्या मुलीला टक्केवारी सांगून उपयोग नसतो. लहान आकड्यातून निघतो तो वेगळा धडा: शंभर शाळांपैकी बहुतेकींना हा नियम कधी वापरावाच लागणार नाही, पण त्याच्या नावाखाली होणाऱ्या चौकशा कोणत्याही मुलीच्या वाट्याला येऊ शकतात.

जागतिक संघटनांचे नियम शाळेला लागू होतात का?

आपोआप होत नाहीत. तुमची स्पर्धा ज्या संघटनेशी संलग्न आहे तिचे नियम आणि देशाचा कायदा लागू होतो. तरी वारं कोणत्या दिशेने वाहतं आहे ते माहीत असावं. ऑलिंपिक समितीने २००३ मध्ये शस्त्रक्रिया आणि दोन वर्षांचे उपचार अशी अट घातली. २०१५ मध्ये शस्त्रक्रियेची अट काढून बारा महिने १० नॅनोमोलखाली एवढीच अट ठेवली. ती वादग्रस्त ठरली, कारण १० हा आकडा स्त्रियांच्या नेहमीच्या पातळीच्या कितीतरी वर आहे. २०२१ मध्ये समितीने निर्णय एकेका खेळाच्या संघटनेवर सोपवला. त्यानंतर पुरुषी वाढ झालेल्या ट्रान्स स्त्रियांसाठी स्त्री गटाची दारं बंद होत गेली: जलतरण २०२२, अ‍ॅथलेटिक्स मार्च २०२३, सायकलिंग जुलै २०२३. रग्बीने तर ऑक्टोबर २०२० मध्येच दुखापतीच्या कारणाने बंदी घातली होती. अमेरिकेत आयडाहोने २०२० मध्ये शालेय पातळीवर पहिला बंदीचा कायदा केला, पुढे अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला.

यातून शाळेसाठी निघणारी व्यावहारिक गोष्ट: तुमच्याकडे खेळू शकणारी विद्यार्थिनी पुढच्या पातळीवर अपात्र ठरू शकते. हे तिला आणि तिच्या पालकांना वर्षाच्या सुरुवातीला, लेखी सांगा. निवड झाल्यावर, गाडीत बसायच्या आदल्या दिवशी नव्हे.

ट्रान्स मुलग्यांचं काय? त्यांचा तर कोणाला त्रास नसतो.

म्हणूनच त्यांचा विचार होत नाही आणि नियम उलटतात. टेक्सासमध्ये शालेय कुस्तीत जन्मदाखल्याप्रमाणेच गट मिळत असे. मॅक बेग्ज हा ट्रान्स मुलगा डॉक्टरांनी दिलेलं टेस्टोस्टेरॉन घेत होता आणि त्याला मुलग्यांशी लढायचं होतं. नियमाने त्याला मुलींच्या गटात ढकललं. २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं तो तिथे राज्य विजेता ठरला. ज्या मुलींच्या संरक्षणासाठी नियम होता, त्याच हरल्या.

ट्रान्स मुलासाठी चार गोष्टी तपासा.

टेस्टोस्टेरॉन उत्तेजकविरोधी नियमांतल्या बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे. ज्या स्पर्धेत चाचणी होते तिथे उपचारासाठीची सूट आधी घ्यावी लागते. ट्रान्स मुलींनाही हे लागू आहे: त्यांना दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन हे औषध लघवी वाढवणाऱ्या औषधांच्या गटात मोडतं आणि तेही यादीत आहे. ते घेणाऱ्या विद्यार्थिनीला उन्हातल्या सरावात पाणी जास्त लागतं.

गट बदलला की साधन बदलतं. १८ वर्षांखालच्या मुलींचा गोळा ३ किलोचा, मुलग्यांचा ५ किलोचा. एकदम दोन किलो वाढवले की खांदा आणि कोपर बोलू लागतात. ४ किलोवर काही आठवडे घालवा, मग पुढे जा.

छाती सपाट दिसावी म्हणून घातलेला घट्ट बाइंडर घालून धावू देऊ नका. त्याने श्वास आखडतो आणि बरगड्या दुखतात. मापाची स्पोर्ट्स ब्रा आणि वर सैल जर्सी चालते. बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळणं तर सरळ धोक्याचं.

चौथी गोष्ट म्हणजे टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधी तो मुलींच्या गटात राहू इच्छित असेल तर राहू द्या. सुरू केल्यावर नाही. ही रेघ स्पष्ट आखली की बेग्जसारखा प्रसंग येत नाही.

अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत इजा होईल का?

रग्बी, कुस्ती, कबड्डी, ज्युदो यांत वजन आणि वेग यांचा गुणाकार अंगावर येतो, त्यामुळे काळजी रास्त आहे. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलग्यांच्याच संघात ३५ आणि ७० किलोची मुलं समोरासमोर येतात आणि त्यावर कोणी सभा बोलावत नाही. उपाय दोन्हींना सारखाच आहे: वाढीनुसार गट. आई-वडिलांची उंची, मुलाची सध्याची उंची, वजन आणि वय यांवरून प्रौढ उंचीचा अंदाज काढतात. मग मूल त्या उंचीच्या किती टक्क्यांवर पोचलं आहे ते पाहून ८५ ते ९०, ९० ते ९५ असे पट्टे करतात. फुटबॉल अकादमींमध्ये हे वापरलं गेलं आहे. सरावासाठी ते उत्तम चालतं. पदकाच्या स्पर्धेसाठी ते फार किचकट आहे.

विद्यार्थी कोणत्या गटात बसतो याची खात्री कशी करायची?

आधी काय करायचं नाही ते. शरीर तपासायचं नाही. कपडे काढायला लावायचे नाहीत, ‘फक्त डॉक्टर बघतील’ असं म्हणूनही नाही.

हा मार्ग चोखाळून झालेला आहे. १९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत स्त्री खेळाडूंना डॉक्टरांसमोर विवस्त्र उभं केलं गेलं. त्यावर ओरड झाल्यावर १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये गुणसूत्रांची चाचणी आली. १९८५ मध्ये स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो त्या चाचणीत बसली नाही. तिची गुणसूत्रं एक्सवाय (सहसा पुरुषांत आढळणारी) होती, पण शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हतं, म्हणजे फायदा शून्य. तरी तिचे विक्रम पुसले गेले आणि परवानगी परत मिळायला १९८८ उजाडलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ जणींपैकी आठ जणी चाचणीत अडकल्या आणि आठही जणींना शेवटी खेळू दिलं गेलं. १९९९ मध्ये समितीने सरसकट चाचणी थांबवली. जागतिक अ‍ॅथलेटिक्सने सप्टेंबर २०२५ पासून गालातल्या नमुन्याने किंवा रक्ताने एसआरवाय जनुकाची (सहसा वाय गुणसूत्रावर असणारं, पुरुषी वाढ सुरू करणारं जनुक) चाचणी आणली आहे. ती जागतिक पातळीच्या स्पर्धांतल्या खेळाडूंसाठी आहे आणि तिथे समुपदेशन आणि तज्ज्ञ डॉक्टर मिळू शकतात. शाळेकडे यातलं काहीच नसतं. चाचणीत अनपेक्षित काही निघालं तर बारा वर्षांच्या मुलीला ते कोण आणि कसं समजावणार?

कागदपत्रांची चौकशीही निरुपद्रवी नसते. युटातलं एक प्रकरण २०२२ मध्ये उघड झालं: एका मुलीने बाकीच्यांना मोठ्या अंतराने हरवलं. हरलेल्यांच्या पालकांनी तक्रार केली आणि संघटनेने तिच्या बालवाडीपर्यंतच्या नोंदी तपासल्या. ती जन्मापासून मुलगीच होती.

शाळेला पुरेल असा मार्ग: प्रवेशाच्या वेळची नोंद हाच आधार. विद्यार्थी ट्रान्सजेंडर असल्याचं कुटुंबाने स्वतः सांगितलं आणि नियमात वैद्यकीय अट असेल, तर डॉक्टरांचं एक पानी पत्र. त्यात ‘अमुक नियमाच्या अमुक कलमानुसार पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढंच. रक्ताचे अहवाल, औषधांची नावं, निदान यांतलं काहीही शाळेच्या फायलीत नको. जे फायलीत नाही ते फुटत नाही.

शाळेचं धोरण कसं लिहायचं?

कोणीही समोर नसताना लिहायचं. एक विशिष्ट मुलगी संघात आली, तक्रार झाली आणि मग हंगामाच्या मध्यात नियम बनवला, तर तो तिच्याविरुद्धचा किंवा तिच्यासाठीचा निकाल ठरतो. नियम राहत नाही. प्रवेशिका मागवण्याच्या किमान एक सत्र आधी तो जाहीर करा.

त्यात स्पर्धांचे थर पाडा. पहिला थर शारीरिक शिक्षणाचा तास, सराव, वर्गावर्गांचे सामने: इथे विद्यार्थी ज्या ओळखीने शाळेत आहे त्या गटात. दुसरा थर आंतरशालेय, पण पुढे निवड नसलेल्या स्पर्धा: इथे वय आणि खेळ पाहून. नेमबाजीला आणि गोळाफेकीला एकच माप लावायचं कारण नाही. तिसरा थर पदक आणि पुढच्या निवडीच्या स्पर्धा: इथे संलग्न संघटनेचा नियम शब्दशः, स्वतःची भर न घालता.

निर्णय तिघांनी घ्यावा: खेळ जाणणारी एक व्यक्ती, एक डॉक्टर, एक समुपदेशक. स्वतःच्या संघाचा प्रशिक्षक त्यात नसावा, त्याला निकालात रस असतो. अर्जापासून दहा कामकाजाच्या दिवसांत लेखी उत्तर, त्यावर अपील करायला पाच दिवस आणि अपील ऐकणारे वेगळे लोक. हे आकडे आम्ही सुचवलेले आहेत, पण कुठलातरी आकडा लिहाच. मुदत नसली की फाइल हंगाम संपेपर्यंत पडून राहते आणि निर्णय न घेताच नकार होतो.

‘प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार केला जाईल’ एवढंच लिहून थांबणं ही सर्वात जास्त आढळणारी चूक. कोणत्या निकषांवर विचार, ते लिहिलं नाही तर प्रत्येक निर्णय पक्षपाती वाटतो आणि बरेचदा तो असतोही.

ट्रान्सजेंडर मुलांसाठी वेगळा गट काढला तर?

दोन मुलांचा गट म्हणजे स्पर्धा नव्हे, शिवाय गटाचं नावच मुलाची ओळख जगजाहीर करतं. मुलग्यांच्या गटाचं नाव बदलून ‘खुला’ करणं त्यापेक्षा बरं. मिश्र प्रकार वाढवणं सर्वात सोपं. दोन मुलगे आणि दोन मुली अशी ४ गुणिले ४०० मीटर मिश्र रिले २०१९ च्या जागतिक स्पर्धेत आणि मग टोकियो ऑलिंपिकमध्ये आली. मात्र मिश्र रिलेतही कोण कोणाच्या जागी धावणार हा प्रश्न उरतोच, तो धोरणात सोडवलेला हवा.

दोघींनाही जागा देता येईल अशी काही सोय आहे का?

कॅलिफोर्नियाच्या शालेय क्रीडा संघटनेने २०२५ च्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत एक तोडगा वापरला. ट्रान्स विद्यार्थिनीमुळे जिची पात्रता हुकली, तिला जास्तीची जागा. अंतिम निकालात जिची जागा खाली सरकली, तिला वरची जागा वाटून आणि पदकही.

मैदानी प्रकारांत हे सहज जमतं. लांब उडीत पहिल्या तीन प्रयत्नांनंतर आठ जणी पुढे जातात, तिथे नऊ घेतल्या तर फक्त काही मिनिटं वाढतात. ट्रॅकवर आठच लेन असतील तर दोन फेऱ्या वेळेवर लावून निकाल एकत्र करावा लागतो. वाऱ्याचा वेग दोन्ही फेऱ्यांत वेगळा पडतो, मग त्यावरून नवा वाद होतो. सांघिक खेळांत हा उपाय चालतच नाही, कारण बाराव्या खेळाडूची जागा कोणी निर्माण करू शकत नाही. आणखी एक किंमत आहे: विजेत्यांच्या चौथऱ्यावर एकाच पायरीवर दोघी उभ्या राहिल्या की कारण सगळ्या मैदानाला कळतं. म्हणून विद्यार्थिनीची संमती आधी घ्या.

कपडे बदलण्याची खोली आणि मुक्कामाचे दौरे?

दार आतून बंद होणारी, एकाच व्यक्तीसाठीची एक खोली ठेवा आणि ती कोणीही वापरू शकेल अशी जाहीर करा. व्रण असलेली, मासिक पाळी सुरू असलेली, नुसतीच लाजाळू अशी कितीतरी मुलं ती वापरतात. ट्रान्सजेंडर मुलांनी तीच वापरावी अशी सक्ती केली तर खोलीला नाव पडतं आणि उपयोग संपतो. मुक्कामाला खोल्यांची यादी निघण्याच्या आठवडाभर आधी सगळ्या पालकांशी बोलून करा. कोणाचीही खोली बदलून मागण्याचा हक्क ठेवा, कारण न विचारता.

सामन्यात समोरच्या संघाने ‘ती मुलगी नाही’ अशी हरकत घेतली तर?

पंचांनी मैदानात त्यावर निर्णय द्यायचा नाही. सामना चालू ठेवायचा. हरकत फक्त लेखी, फक्त संघ व्यवस्थापकाकडून, ठरलेल्या वेळेत आणि शक्य तर अनामत रकमेसह घ्यायची. ‘दिसायला मुलासारखी आहे’ हे हरकतीचं कारण म्हणून स्वीकारायचं नाही, हे नियमातच लिहा. प्रेक्षकांतून ओरडा झाला तर इतर कोणत्याही शिवीगाळीला जी कारवाई, तीच इथे. खेळाडूला एकटीला पंचांच्या टेबलाजवळ उभं करू नका. एवढ्यानेही फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचतात.

संघातल्या बाकी मुलींना काय सांगायचं?

नियम सांगायचा, मूल नव्हे. ‘आपल्या स्पर्धेत पात्रता अशी ठरते’ इतकं पुरे. कोण ट्रान्सजेंडर आहे ते सांगण्याचा हक्क फक्त त्या विद्यार्थ्याचा. पण एखाद्या मुलीने ‘हे मला अन्यायाचं वाटतं’ असं म्हटलं, तर तिला गप्प बसवू नका आणि मागासलेली ठरवू नका. तिने चार वर्षं घाम गाळलेला असतो. तिची हरकत नियमावर असू शकते आणि नियमावर बोलायला जागा हवी. सहखेळाडूला टोमणे मारायला नको. हा फरक सोळा वर्षांच्या मुलींना नीट कळतो, बहुधा त्यांच्या पालकांपेक्षा लवकर.

नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला फक्त मुलगा किंवा फक्त मुलगी न मानणाऱ्या विद्यार्थ्यांचं काय?

ते कोणत्याही एका गटात खेळू शकतात, तिथल्या पात्रतेच्या अटी पाळून. टोकियो ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या सुवर्णपदक विजेत्या महिला फुटबॉल संघात क्विन हे नॉन-बायनरी खेळाडू होते. जन्मनोंदीच्या गटात आणि टेस्टोस्टेरॉनशिवाय खेळल्यास पात्रतेचा प्रश्नच येत नाही. हंगामाच्या मध्यात गट बदलू देऊ नका, एवढं बघा.

शाळेच्या विक्रमफलकावर नोंद कशी करायची?

विक्रम त्या वेळच्या गटात आणि त्या वेळच्या साधनाने झाला, तो तिथेच राहतो. पुढे नियम बदलला म्हणून मागच्या नोंदी खोडू नयेत. विद्यार्थ्याने नाव बदललं असेल तर फलकावरचं नावही बदलून द्या. गोळाफेकीच्या नोंदीशेजारी गोळ्याचं वजन लिहायला मात्र विसरू नका. ३ आणि ४ किलोच्या फेकी एका रकान्यात घालणारे फलक आजही भिंतींवर आहेत.